उशीर नेमका कुठे झाला?

पक्षाघाताचा रुग्ण आला की आम्हा डॉक्टरांची नजर आधी घड्याळाकडे जाते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातला बराच वेळ घरी आणि रस्त्यात गेलेला असतो. उरलेल्या वेळात कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणती कामे बरोबरीने करायची, हे ठरलेले नसेल तर औषध हाताशी असूनही उपयोग होत नाही. कामाची अशी आखणी कागदावर डोळ्यांना दिसली पाहिजे, हे जगाला पटवून दिले ते हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने.

गँटचा जन्म २० मे १८६१ रोजी मेरीलँड राज्यात झाला. घरची तंबाखूची शेती गुलामांच्या श्रमावर चालत असे. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि ते संपेपर्यंत घरची सुबत्ताही संपली. गरीब मुलांसाठी काढलेल्या मॅक्डोनो शाळेत तो शिकला. १८८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्याच शाळेत त्याने शिकवले. १८८४ मध्ये तो स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून यंत्र अभियंता झाला.

१८८७ मध्ये तो मिडव्हेल पोलाद कारखान्यात रुजू झाला. तेथे फ्रेडरिक टेलर घड्याळ लावून कामगारांचे काम मोजत होते. टेलर यांच्या पद्धतीत ठरलेले काम पुरे न करणाऱ्याला कमी दराने मजुरी मिळे. गँटने १९०१ मध्ये निराळी पद्धत मांडली. रोजची मजुरी पक्की, काम पुरे झाले तर वर बोनस. आणि हाताखालच्या माणसाने बोनस मिळवला तर मुकादमालाही बोनस. त्यामुळे मुकादमाला दटावण्यापेक्षा शिकवण्यात फायदा दिसू लागला.

पुढे सल्लागार म्हणून काम करताना त्याने आपले प्रसिद्ध तक्ते तयार केले. वर दिवस किंवा आठवडे, खाली आडव्या पट्ट्या. ठरलेले काम किती आणि झालेले किती, हे एका नजरेत कळे. यंत्र बंद राहिले तर त्याचे कारणही तक्त्यात लिहिले जाई: माणूस नाही, माल नाही, दुरुस्ती चालू आहे किंवा मागणीच नाही. यातली बरीच कारणे कामगाराच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या हातातली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेची शस्त्रे आणि जहाजे बांधण्याच्या कामात हे तक्ते उपयोगी पडले. २३ नोव्हेंबर १९१९ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, गँटचे निधन झाले.

त्याच्या आधी पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की यांनीही असाच तक्ता केला होता, पण तो इंग्रजी जगापर्यंत उशिरा पोहोचला. गँटच्या पट्ट्यांत एक उणीव होती. कोणते काम कोणत्या कामासाठी अडले आहे, हे त्यांत स्पष्ट दिसत नसे. ती उणीव त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी ड्युपॉन्ट कंपनीची ‘क्रिटिकल पाथ’ आणि अमेरिकी नौदलाची ‘पर्ट’ या पद्धतींनी भरून काढली. त्यांत कामे बाणांनी जोडून जाळे काढतात. त्यातली सर्वांत लांब साखळी एकूण वेळ ठरवते. इतर कामांत कितीही घाई केली तरी एक मिनिटही वाचत नाही.

पक्षाघातात ती साखळी अशी: लक्षणे ओळखणे, रुग्णालय गाठणे, सीटी स्कॅन, निर्णय, इंजेक्शन. बोटाच्या थेंबावर साखर तपासायला मिनिटही पुरते. केसपेपर, ईसीजी आणि रक्ताचे नमुने बरोबरीने होऊ शकतात. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत नसेल, तर रक्ताच्या बाकी अहवालांसाठी सहसा थांबावे लागत नाही. तरीही आमच्याकडे उशीर झाला की पहिला ओरडा वॉर्डबॉयला बसतो. स्ट्रेचर नव्हते, लिफ्ट बंद होती की फोन कुणी उचलला नाही, हे कुणी लिहून ठेवत नाही. गँटने आधी तेच विचारले असते.

साखळीचा पहिला दुवा मात्र तुमच्या घरात आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. तिथे गेलेला अर्धा तास आम्हाला पुढे भरून काढता येत नाही.