नावं, पत्ते आणि हॉपरबाई

डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला 'नोड' नावाचं स्ट्रक्चर आपण सगळ्यांनीच लिहिलंय. लिंक्ड लिस्टच्या फाइलमध्ये एक नोड, ट्रीच्या फाइलमध्ये दुसरा. नाव एकच, पोटातलं सामान वेगळं. सी भाषेला हे चालतं. पण दोन्ही फाइली एकाच प्रोग्रॅममध्ये जोडून तो डीबगरमध्ये उघडला, तर कुठला नोड कुठला हे डीबगरला कसं कळतं? व्हायव्हाला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पण त्याच्या मुळाशी गेलं की एक बाई भेटतात, ग्रेस हॉपर.

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. सातव्या वर्षी ग्रेसने घरातली गजराची सात घड्याळं एकामागून एक खोलून ठेवली. आईने शेवटी खोलण्यासाठी एकच घड्याळ मंजूर केलं! पुढे वासर कॉलेज, मग १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. आणि वासरलाच प्राध्यापकी. दुसरं महायुद्ध सुरू झालं नसतं तर बाई तिथेच रिटायर झाल्या असत्या. १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्या नौदलात शिरल्या. वजन नियमापेक्षा कमी, वयही जास्त, म्हणून खास परवानगी काढावी लागली. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डला, मार्क वन या मशीनवर झाली. ५१ फूट लांबीचं हे धूड भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम वाचायचं. त्याचं ५६१ पानांचं मॅन्युअल मुख्यतः बाईंनीच लिहिलं.

आता किड्याची गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टूच्या एका रिलेत पतंग सापडला आणि लॉगबुकात टेपने चिकटवला गेला. तो हॉपरबाईंनी पकडला असं सर्रास सांगतात. ते खरं नाही, बाईंनी फक्त तो किस्सा रंगवून जगभर सांगितला. 'बग' हा शब्दही एडिसनच्या काळापासून इंजिनिअरांच्या तोंडी होता. मला तर वाटतं त्या किड्याने बाईंचं खरं काम झाकून टाकलं.

खरं काम असं. त्या काळी प्रोग्रॅमर एकमेकांच्या वह्यांमधून तयार रूटीन उतरवून घ्यायचे. प्रत्येक रूटीनचे पत्ते शून्यापासून सुरू व्हायचे, म्हणून ते आपल्या प्रोग्रॅममध्ये घुसवताना प्रत्येक पत्त्यात हाताने बेरीज करावी लागे. माणूस उतरवताना चुकतो, बेरीज करतानाही चुकतो. 'बी' या अक्षराचा १३ व्हायचा आणि उत्तराची वाट लागायची. १९४९ मध्ये बाई फिलाडेल्फियाला युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या, आणि त्यांनी ठरवलं की हे उतरवणं मशीननेच करावं. १९५१-५२ मध्ये ए-झिरो तयार झाला. रूटीन टेपवर, प्रत्येकाला एक क्रमांक. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक लिहायचे, शोधणं, रचणं, पत्ते बसवणं मशीनकडे.

एक अडचण मात्र होती. अजून न आलेल्या भागाकडे उडी मारायची, तर त्याचा पत्ता कुठून आणणार? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या. त्यांना पुढे फेकलेला पास आठवला. मेमरीच्या शेवटी त्यांनी एक रिकामा कोपरा राखला. आत्ता उडी त्या कोपऱ्यात मारायची आणि तिथे निरोप ठेवायचा. खरा भाग आला की त्याने निरोप बघून कोपऱ्यातून स्वतःकडे दुसरी उडी जोडायची. झालं, एकाच फेरीत काम फत्ते!

तरी लोक विश्वास ठेवेनात. कॉम्प्युटर फक्त गणितं करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं सगळ्यांचं ठाम मत. पुढे इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहायची कल्पना मांडताना बाईंनी तोच नमुना फ्रेंच आणि जर्मनमध्येही करून दाखवला, तर साहेब लोक चक्क घाबरले. अमेरिकन मशीन परकी भाषा कशी समजेल म्हणे! बजेट मिळवायला खूप झगडावं लागलं, पण फ्लो-मॅटिक झालं.

आपला नोड इथे भेटतो. फ्लो-मॅटिकमध्ये मालाची फाइल आणि किमतीची फाइल, दोन्हींत 'प्रॉडक्ट नंबर' याच नावाचा रकाना असायचा. म्हणून नावापुढे फाइलचं अक्षर लिहायचं: ए चा प्रॉडक्ट नंबर, बी चा प्रॉडक्ट नंबर. आपल्या विंगमध्ये दोन अमोल असले की मेसवाले काका रूम नंबर विचारतात, तसंच. १९५९ पासून कोबोल घडलं तेव्हा फ्लो-मॅटिकचा त्यावर मोठा प्रभाव होता, आणि तिथेही अमक्या रेकॉर्डमधला तमका रकाना असं लिहायची सोय आली.

आजचा डीबगर रूम नंबरच बघतो. कंपायलर नावं पुसून पत्ते ठेवतो, पण मायनस जी दिलं तर ड्वार्फ नावाच्या पद्धतीने डीबग माहितीही लिहितो. त्यात प्रत्येक सोर्स फाइलचा वेगळा विभाग असतो. व्हेरिएबलची नोंद आपल्या टाइपच्या नोंदीकडे थेट बोट दाखवते, त्यामुळे तिथे नावाचा घोळच नाही. आपण स्वतः 'नोड' टाइप केलं, तर जीडीबी प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर थांबलाय ते बघून त्याच फाइलच्या विभागात आधी शोधतो, नंतर बाहेर. गोची होते ती एखाद्या फाइलमध्ये नोडची नुसती घोषणा असेल तेव्हा. मग तो केवळ नावावरून दुसऱ्या फाइलींत पूर्ण व्याख्या हुडकतो, आणि दोन सापडल्या तर भलतीच उचलू शकतो. मेंबर चुकीचे दिसतात, आणि आपण बिचारे पॉइंटरला शिव्या देत बसतो.

हॉपरबाईंना १९६६ मध्ये नौदलाने वयामुळे निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले. त्या काळात त्यांनी नौदलाच्या कोबोलला एकसारखं वळण लावलं, आणि भाषणांत सुमारे ३० सेंटीमीटरच्या वायरी वाटल्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश एवढाच जातो, हे अधिकाऱ्यांना हातात धरून कळावं म्हणून! १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनला, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. १९९७ मध्ये अमेरिकन नौदलात दाखल झालेल्या एका विनाशिकेला त्यांचं नाव दिलं आहे.