नाणी तोलणारा गणिती

आपल्या विद्यापीठांत ज्ञानाची वाटणी वडिलोपार्जित शेतीसारखी झालेली आहे. प्रत्येक विषयाचा सातबारा वेगळा, बांध वेगळा, आणि बांध ओलांडून येणाऱ्याकडे शेजारी संशयानेच पाहणार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अध्ययनाचा पुरस्कार केला असला, तरी एखाद्या प्राध्यापकाने गणित, अनुवंशशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि पुरातत्त्व अशा पाच क्षेत्रांत मूळ संशोधन केले, तर त्याला नेमके कोणत्या खात्यात बसवावे या विवंचनेत नेमणूक समिती आजही पडल्यावाचून राहणार नाही. असा एक प्राध्यापक पुण्यात होऊन गेला. त्याचा गौरव आता पुष्कळ होतो; त्याच्या नावाचे टपाल तिकीटही २००८ साली निघाले. परंतु हयातीत त्याच्या वाट्याला काय आले आणि का आले, याचा हिशेब मांडण्याचे मात्र सहसा टाळले जाते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म गोव्यातील कोसबे येथे ३१ जुलै १९०७ रोजी झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माच्या अभ्यासाच्या ओढीने घरदार सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे हिंडलेले पालीचे पंडित. काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवल्यानंतर १९१८ साली ते हार्वर्डला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेला. चार वर्षांनी वडील परतले, मुलगा शिक्षणासाठी तेथेच राहिला. मध्यंतरी एकदा मायदेशी येऊन त्याने पुन्हा हार्वर्ड गाठले आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. बर्कहॉफ या नामांकित गणितज्ञाने त्याला गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. या विद्यार्थ्याने तो न मानता भाषांपासून पदार्थविज्ञानापर्यंत हाती लागेल तो विषय घेतला आणि त्यात प्रावीण्य दाखवले. पीएच.डी. त्यांनी पुढेही कधी केली नाही. आजच्या नियमांनुसार त्यांना प्राध्यापकपदासाठी अर्ज तरी करता आला असता की नाही, याची शंकाच आहे.

काशी हिंदू विश्वविद्यालयात दोन वर्षे काढल्यानंतर आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून कोसंबी अलीगढला गेले. तेथला एक किस्सा गणिताच्या इतिहासात नोंदला गेला आहे. एका सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी वेय यांनी कोसंबींना बुर्बाकी नावाच्या मुळात अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाचा दाखला देणारा निबंध लिहिण्यास सुचवले. कोसंबींनी तो लिहिला व तो छापूनही आला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने बुर्बाकी हेच सामूहिक नाव धारण करून विसाव्या शतकाच्या गणिताला वळण लावले. त्या नावाचा गणिती वाङ्मयातील पहिला उल्लेख असा अलीगढच्या थट्टेतून आलेला आहे. गांभीर्याने केलेले कामही त्याच काळात सुरू झाले होते. वक्रमार्गांच्या भूमितीवरील त्यांचा १९३३ चा निबंध जर्मनीतील अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो सिद्धान्त आज कोसंबी, कार्तां आणि चर्न अशा तीन नावांनी ओळखला जातो.

अलीगढहून कोसंबी पुण्यास आले आणि वडिलांनी जेथे पाली शिकवली होती त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९४५ पर्यंतची सुमारे बारा वर्षे त्यांनी येथे काढली. हाताशी मोठी प्रयोगशाळा नाही, संशोधक विद्यार्थ्यांचा ताफा नाही, महाविद्यालयीन तासांचे ओझे मात्र आहे, अशा परिस्थितीत त्यांच्या बुद्धीचा जो विस्तार झाला तो थक्क करणारा आहे. त्याची सुरुवात एका साध्या गरजेतून झाली. संख्याशास्त्र शिकावयाचे तर ते एखाद्या खऱ्या प्रश्नावर वापरून शिकावे, असे त्यांनी ठरवले. आणि प्रश्न निवडला तो प्राचीन नाण्यांचा.

ही नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी, जुन्या ग्रंथांतील कार्षापणे. त्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही. केवळ ठसे आहेत. सूर्य, चक्र, टेकडी, प्राणी अशा चिन्हांचे अर्थ लावण्यात विद्वानांनी आपली कल्पनाशक्ती मनसोक्त वापरली होती. कोसंबींनी चिन्हांचा अर्थ बाजूस ठेवून तराजू हाती घेतला. त्यांचा तर्क अर्थव्यवहार जाणणाऱ्या कोणासही सहज पटावा असा आहे. टांकसाळीतून निघताना नाणी ठरावीक वजनाची असतात. ती हातोहाती फिरू लागली की झिजतात. झीज सरासरीने काळाच्या प्रमाणात होते, पण प्रत्येक नाणे सारखे फिरत नाही. एक बाजारात घासले जाते, दुसरे गाठोड्यात पडून राहते. त्यामुळे काळ जातो तसतसे नाण्यांचे सरासरी वजन उतरते आणि वजनांमधील तफावत वाढत जाते. एका नाण्याच्या वजनावरून यातले काहीच कळत नाही. शेकडो नाणी एकत्र तोलली म्हणजे काळाची चाहूल लागते. हा तर्क पडताळून पाहण्यासाठी त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही मोठ्या संख्येने तोलली, कारण त्यांवर सन छापलेला असतो.

मग ते तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळले. जॉन मार्शल यांच्या उत्खननात तेथे सापडलेल्या एका निधीत अलेक्झांडर आणि फिलिप अरिडियस यांची नाणी असल्यामुळे तो निधी इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, हे कळत होते. कोसंबींच्या ध्यानात असे आले, की नाण्याच्या मागील बाजूस जे बारीक ठसे असतात ते जितके अधिक तितके नाणे हलके. म्हणजे व्यापारी किंवा सराफ वेळोवेळी नाणे पारखून त्यावर आपली खूण उठवीत असले पाहिजेत. ज्या नाण्यांना मुके समजले जात होते त्यांच्या पाठीवर त्यांच्या फिरतीची नोंदवही होती. कोणते नाणे कोणत्या राजाचे, याविषयी कोसंबींनी काढलेले निष्कर्ष पुढच्या नाणकशास्त्रज्ञांनी सगळेच मान्य केले नाहीत. पण नाणे ही संग्रहालयातील शोभेची वस्तू नसून एका काळच्या देवघेवीचा पुरावा आहे, ही दृष्टी त्या तराजूने दिली आणि ती टिकली.

येथून पुढची वाट विषयांतराची वाटते, पण तशी ती नाही. नाणी पाडणारे राजे कोण, हे पाहावयाचे तर जुने ग्रंथ वाचणे आले. ग्रंथ वाचावयाचे तर त्यांचा पाठ विश्वसनीय आहे का, हे तपासणे आले. अशा रीतीने हा गणिताचा प्राध्यापक भर्तृहरीकडे आला. साडेतीनशेहून अधिक हस्तलिखितांची छाननी करून, कोणते श्लोक सर्व शाखांत आढळतात आणि कोणते मागाहून घुसले, हे ठरवीत त्यांनी १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुढे वि. वि. गोखले यांच्यासमवेत विद्याकराचा सुभाषितरत्नकोश त्यांनी संपादित केला, तो १९५७ साली हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. नाणी असोत की श्लोक, काम एकच होते: हातोहाती फिरताना वस्तू कशी बदलते, हे मोजणे.

याच सुमारास त्यांनी जनुकांच्या अंतराचेही गणित केले. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात, यावरून त्यांच्यातील अंतराचा अंदाज बांधतात. पण ही अंतरे सरळ बेरजेची नसतात. शेजारच्या दोन टप्प्यांत शेकडा दहा-दहा वेळा ताटातूट होत असेल, तर दोन्ही टप्पे मिळून ती वीस वेळा दिसत नाही, कारण दोनदा झालेली अदलाबदल डोळ्यांआड होते. अदलाबदली परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर उत्तर अठरा येते. प्रत्यक्षात मात्र एका ठिकाणची अदलाबदल जवळच्या दुसऱ्या अदलाबदलीला अडवते. हा अडथळा हिशेबात धरणारे सूत्र कोसंबींनी दिले. त्यानुसार ते उत्तर एकोणीसच्या थोडे वर जाते. चार पानांचा तो निबंध १९४४ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे संशोधक ते सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरतात. १९४३ च्या दुसऱ्या एका निबंधाचे नशीब असे नव्हते. हवेच्या व पाण्याच्या खळबळत्या प्रवाहांच्या अभ्यासात आज सर्रास वापरली जाणारी एक पद्धत त्यात मांडलेली होती. पण युद्धकाळात भारतीय नियतकालिकात छापलेल्या त्या लेखाकडे बाहेर कोणाचे लक्ष गेले नाही, आणि काही वर्षांनी तीच पद्धत स्वतंत्रपणे मांडणाऱ्या कारहुनेन व लोएव्ह यांचे नाव तिला लागले.

१९४५ साली होमी भाभा यांनी नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना बोलावले. पुण्यातले बिऱ्हाड न हलवता डेक्कन क्वीनने मुंबईस जा-ये करीत त्यांनी सतरा वर्षे तेथे काम केले. सुटीच्या दिवशी ते पुण्याभोवतीच्या डोंगरांत पायी हिंडत, गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारे वेचीत, बोल्हाई आणि म्हातोबा यांच्या ठाण्यांवर गुराख्यांशी बोलत. कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी जुन्या व्यापारी वाटांवर का आहेत, आणि देवींची ठाणी गावाबाहेर पायवाटांच्या तिठ्यावर का आहेत, असे प्रश्न त्यांना तेथे पडले. १९५६ साली त्यांनी भारताच्या इतिहासाच्या अभ्यासाची जी प्रस्तावना लिहिली, ती राजांच्या वंशावळी सोडून नांगर, जमीन आणि उत्पादन यांच्याकडे पाहणारी होती. ते मार्क्सवादी होते, पण पक्षाचे पोथीवाचक नव्हते. श्रीपाद अमृत डांगे यांच्या प्राचीन भारतावरील पुस्तकाचे जे निर्दय परीक्षण त्यांनी केले, तसे विरोधकांनीही केले नसेल.

संस्थेशी त्यांचे बिनसले, त्याची कारणे अनेक होती. भाभा हे अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष. कोसंबी जागतिक शांतता परिषदेचे कार्यकर्ते, आणि भारतासारख्या देशाने अणुशक्तीऐवजी सौरशक्तीकडे वळावे असे उघडपणे मांडणारे. स्वभाव तिखट, जिभेला लगाम नाही. तथापि सगळा दोष संस्थेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. रीमानने १८५९ साली मूळ संख्यांच्या वाटपाशी निगडित एक अनुमान मांडले होते. ते आजतागायत सिद्ध झालेले नाही. त्याची सिद्धता संभाव्यतेच्या मार्गाने आपल्याला सापडली, असा दावा कोसंबींनी शंभर वर्षांनी, १९५९ साली केला, आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, जेथे या विषयाचा जाणकार परीक्षक मिळण्याचा संभव नव्हता. सिद्धता चुकीची होती. सुभाषितरत्नकोशाच्या वेळी गोखल्यांसारखा तोडीचा जाणकार शेजारी बसलेला होता. येथे ते एकटे होते, आणि एकट्याला आपली झीज दिसत नाही. गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांची पत उतरली. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. संस्थेच्या जमाखर्चात एक चुकीची सिद्धता खर्ची पडली. भर्तृहरी, कार्षापणे आणि जनुकांचे सूत्र जमेला धरण्यासाठी तेथे रकानाच नव्हता.

पुढली दोन वर्षे त्यांनी कोणत्याही पदाविना काढली. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही त्यांची बैठक झाली. प्राचीन भारतीय संस्कृतीवरील त्यांचे सर्वांत वाचले गेलेले पुस्तक १९६५ साली निघाले. मूळ संख्यांचा नाद मात्र सुटला नव्हता; त्यांवरचे काही निबंध या वर्षांत ते ड्युक्रे अशा टोपणनावाने छापून आणीत होते. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनच्या पहाटे, एकोणसाठावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, पुण्याच्या राहत्या घरी झोपेतच कोसंबींची प्राणज्योत मालवली.