सैनिकांसाठी बनवली, गुंडांनी पळवली. ‘टॉमी गन’वाल्या जनरल थॉम्पसनची गोष्ट

अमेरिकेत जुन्या हत्यारांचे लिलाव होतात. त्यात एक बंदूक आली की शौकीन मंडळी सरसावून बसतात. तिचं नाव थॉम्पसन सबमशीन गन, बोलीभाषेत टॉमी गन. १९२१ सालच्या मॉडेलची, चांगल्या अवस्थेतली आणि कागदपत्रं पक्की असलेली बंदूक असेल तर बोली २५ हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. आपल्या पैशात २० लाखांच्या वर. पण जिच्यासाठी आज एवढा पैसा मोजतात, ती बनवणाऱ्याच्या हयातीत तिला गिऱ्हाईकच मिळत नव्हतं.

त्यांचं नाव जॉन थॉम्पसन. जन्म ३१ डिसेंबर १८६०, केंटकी राज्यातल्या न्यूपोर्ट गावी. वडीलही लष्करातच होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८८२ साली बाहेर पडले आणि पुढे दारूगोळा व हत्यारं पुरवणाऱ्या खात्यात गेले. १८९८ मध्ये अमेरिकेचं स्पेनशी युद्ध झालं, तेव्हा क्युबात लढणाऱ्या फौजेला फ्लोरिडातून हत्यारं पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी चोख केलं. पुढे सैन्याच्या पिस्तुलाला गोळी किती जाड हवी हे ठरवणाऱ्या १९०४ च्या चाचण्यांतही ते होते. त्यातूनच ०.४५ इंची गोळी पक्की झाली.

१९१४ साली युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. थॉम्पसन यांनी निवृत्ती घेतली आणि रेमिंग्टन या बंदूक कंपनीत मुख्य इंजिनिअर झाले. तिकडे फ्रान्समध्ये सैनिक महिनोन्महिने खंदकात अडकले होते. समोरच्या खंदकात उडी मारली की लांबलचक रायफल वळवायलाही जागा नसायची. एका माणसाला उचलून चालता येईल आणि खंदक झाडून काढता येईल अशी बंदूक हवी, हे थॉम्पसन यांच्या डोक्यात बसलं. १९१६ साली त्यांनी ऑटो-ऑर्डनन्स नावाची कंपनी काढली. पैसा थॉमस रायन या धनिकाने लावला.

पुढच्या वर्षी अमेरिकाही युद्धात उतरली. थॉम्पसन पुन्हा सैन्यात गेले आणि ब्रिगेडियर जनरल झाले. इकडे कंपनीचे इंजिनिअर बंदूक जुळवत होते. पण ती तयार होईस्तोवर ११ नोव्हेंबर १९१८ उजाडला आणि युद्ध थांबलं. ज्या खंदकांसाठी बंदूक घडवली, ते खंदकच रिकामे झाले.

तरीही कंपनीने कोल्ट कारखान्याकडून १५ हजार बंदुका बनवून घेतल्या. ०.४५ चीच गोळी, मिनिटाला ६०० च्या वर फैरी, रिकामं वजन जवळपास पाच किलो. किंमत सुमारे २०० डॉलर, त्या काळी फार मोठी रक्कम. सैन्याने हात आखडता घेतला. पोलिसांनी थोड्या घेतल्या. त्या वेळी मशीनगन विकत घ्यायला देशभर लागू असा कडक कायदा नव्हता. दारूबंदीमुळे शिकागोत चोरट्या दारूच्या टोळ्या माजल्या होत्या आणि त्यांच्याकडे पैसा होता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतल्या एका गॅरेजमध्ये सात जणांना गोळ्या घालून मारलं. त्यात दोन टॉमी गन वापरल्या होत्या. तेव्हापासून ही बंदूक म्हणजे गुंडांची बंदूक, असंच लोकांच्या मनात बसलं.

१९३४ साली कायदा झाला. मशीनगनची नोंद करायची आणि हस्तांतराला २०० डॉलर कर भरायचा. पुढे १९८६ मध्ये सामान्य माणसासाठी नव्या मशीनगनची नोंदणीच बंद झाली. म्हणजे आधी नोंदल्या गेल्या तेवढ्याच बंदुका कायद्याने विकता येतात. लिलावात भाव चढतो तो यामुळेच.

थॉम्पसन यांचं म्हातारपण मात्र सुखाचं गेलं नाही. रायन १९२८ साली वारले, कंपनीचा कारभार हातातून निसटला. १९३९ आलं तरी त्या १५ हजारांतल्या हजारो बंदुका पडूनच होत्या. आपलं हत्यार वाईट माणसांच्या हाती गेलं याचं दुःख त्यांनी जुन्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवलं होतं. त्याच वर्षी कंपनी दुसऱ्याने घेतली आणि मुलगा मार्सेलसही गेला. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, फ्रान्स-ब्रिटनच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या. २१ जून १९४० रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी थॉम्पसन यांनी डोळे मिटले. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत १५ लाखांच्या वर टॉमी गन बनल्या. ते पाहायला ते नव्हते.

त्याच युद्धात टॉमी गन आपल्या मराठी जवानांच्या हातीही आली. रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली. शत्रूच्या मशीनगनने सोबतचे सगळे जवान मारले किंवा जखमी केले. घाडगे एकटेच धावले. आधी हातबॉम्ब टाकला, मग टॉमी गनने एकाला टिपलं. नवं मॅगझिन चढवायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून संपवलं. जिंकलेल्या त्याच ठाण्यावर गोळ्या लागून ते पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

थॉम्पसन यांनी बंदूक बनवली होती ती अशा जवानांसाठी. पण आजही लिलावात टॉमी गन आली, की लोकांना आधी आठवतात ते शिकागोचे गुंडच.