मुष्टियोद्धा जो लुई

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्यात एका माणसाने दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मारामारी म्हणाल. लोक मध्ये पडतील, दोघांना दूर करतील. वेळ आली तर पोलीसही येतील. पण हाच ठोसा दोरांनी वेढलेल्या चौकोनात मारला, तर हजारो लोक टाळ्या वाजवतात आणि मारणाऱ्याला बक्षीस मिळते. या खेळाला मुष्टियुद्ध म्हणतात. तुम्ही त्याला बॉक्सिंग या नावाने ओळखता. मग मारामारी आणि खेळ यांत फरक कोणता? हा प्रश्न मनात ठेवा आणि जो लुई या माणसाची गोष्ट वाचा.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथे १३ मे १९१४ रोजी एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी जोचा जन्म झाला. त्याचे पूर्ण नाव जोसेफ लुई बॅरो. त्याचे आजी-आजोबा गुलाम होते. गुलामी कायद्याने संपली होती, पण घरात गरिबी होती आणि बाहेर अपमान होता. जो लहान असतानाच वडिलांना मानसिक आजार झाला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. आईने कष्ट करून मुले वाढवली. पुढे तिने दुसरे लग्न केले आणि १९२६ मध्ये सगळे कुटुंब मोटारींचे कारखाने असलेल्या डेट्रॉइट शहरात आले.

आईला वाटे, मुलाने व्हायोलिन शिकावे. शिकवणीसाठी ती त्याला दर आठवड्याला पन्नास सेंट देई. जो ते पैसे घेऊन व्यायामशाळेत जाई आणि मुष्टियुद्ध शिके. आईला हे कळले तेव्हा तिने त्याला अडवले नाही. पण मुलांनो, पहिल्याच सामन्यात काय झाले ते ऐका. १९३२ मध्ये तो हौशी खेळाडू म्हणून प्रथम रिंगणात उतरला आणि प्रतिस्पर्ध्याने त्याला सात वेळा खाली पाडले. जोने काही काळ खेळ सोडला आणि तो कारखान्यात कामाला लागला. नंतर त्याने पुन्हा हातमोजे घातले. १९३४ पासून तो पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. बॅरो हे आडनाव मागे पडले आणि जग त्याला जो लुई म्हणू लागले.

पुढची गोष्ट समजण्यासाठी या खेळाचे नियम थोडे माहीत हवेत. तुम्ही आखाड्यातली कुस्ती पाहिली असेल. कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला टेकली की काम झाले. त्याला इजा करण्याची गरज नसते. मुष्टियुद्धात मात्र ठोसा मारणे हाच खेळ आहे. म्हणूनच या खेळात नियमांचे महत्त्व फार मोठे आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढत. एकजण खाली पडेपर्यंत फेरी चालू राही. १८६७ मध्ये तेथे नवे नियम छापले गेले. हातमोजे आले. तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती ठरली. पडलेल्या खेळाडूला उठण्यासाठी दहा सेकंद मिळू लागले. या खेळात आणखीही नियम आहेत. कमरेखाली मारायचे नाही. डोक्याच्या मागे किंवा पाठीवर मूत्रपिंडाच्या जागी मारायचे नाही. समोरचा पडला की दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. घंटा वाजली की हात खाली घ्यायचा. म्हणजे पाहा, या खेळात मारायला शिकावे लागते, त्याहून जास्त थांबायला शिकावे लागते. रागाने पेटलेल्या माणसाला ते जमत नाही.

लुईच्या आधी जॅक जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू १९०८ ते १९१५ या काळात जगज्जेता होता. तो हरलेल्या गोऱ्या खेळाडूंची उघड थट्टा करी. १९१० मध्ये त्याने एका नावाजलेल्या गोऱ्या खेळाडूला हरवले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि माणसे मेली. मेलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते. रिंगणातल्या त्या दोघांचा सामना नियमांनी संपला होता. खरी हिंसा बाहेर झाली, आणि ती करणाऱ्यांनी हातमोजे घातले नव्हते. जॉन्सननंतर वीस वर्षांहून अधिक काळ जड वजनाच्या गटात एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही.

म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला काही नियम घालून दिले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही. त्याच्याविषयी वाईट बोलायचे नाही. स्वच्छ लढायचे आणि स्वच्छ राहायचे. हे नियम चांगले होते यात शंका नाही. पण असे नियम गोऱ्या खेळाडूला कोणी घातले नव्हते, हेही तुम्ही विसरू नका. चांगुलपणाची परीक्षा एकालाच द्यावी लागावी, हा न्याय नव्हे. लुईने मात्र हे नियम इतके अंगी बाणवले की ते त्याचा स्वभावच झाले.

१९३६ पर्यंत लुई एकही व्यावसायिक सामना हरला नव्हता. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ मॅक्स श्मेलिंग या जर्मन खेळाडूशी पडली. श्मेलिंग पूर्वी जगज्जेता होता, पण त्याचे दिवस संपले असे सर्वांना वाटे. लुईने सरावाकडे दुर्लक्ष केले आणि बराच वेळ गोल्फ खेळण्यात घालवला. उलट श्मेलिंगने लुईच्या जुन्या सामन्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. डाव्या हाताने ठोसा मारल्यावर लुई तो हात खाली सोडतो, हे त्याने हेरले होते. त्याच क्षणी उजव्या हाताचा ठोसा बसे. बाराव्या फेरीत लुई कोसळला आणि उठू शकला नाही.

त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. जर्मन वंश सर्वांत श्रेष्ठ, असा नाझींचा दावा होता. श्मेलिंगच्या विजयाचा त्यांनी मोठा गाजावाजा केला. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता. त्याचा अमेरिकेतला व्यवस्थापक ज्यू होता आणि त्याला काढून टाकण्यासाठी दबाव येऊनही श्मेलिंगने त्याला सोडले नाही. पण गर्दीला अशा गोष्टी पाहायच्या नसतात. अमेरिकेतल्या लोकांनी त्याला हिटलरचाच माणूस ठरवून टाकले.

२२ जून १९३७ रोजी लुईने जिम ब्रॅडॉकला हरवून जगज्जेतेपद मिळवले. तरी श्मेलिंगला हरवल्याशिवाय आपण खरे विजेते नाही, असे तो म्हणे. बरोबर एका वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले. सत्तर हजारांच्या आसपास लोक जमले होते. कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसले होते. दोन खेळाडूंचा सामना कोणालाच नको होता. सर्वांना दोन देशांचे युद्ध हवे होते. मैदानात शिरताना श्मेलिंगवर लोकांनी केळीची साले आणि सिगारेटची पाकिटे फेकली.

घंटा वाजली. लुई पहिल्या क्षणापासून तुटून पडला. श्मेलिंग दोरांवर रेलला. एक ठोसा चुकवण्यासाठी तो अंग फिरवत असतानाच लुईचा ठोसा त्याच्या कमरेच्या वर, पाठीकडच्या बाजूला बसला. श्मेलिंग वेदनेने ओरडला. मैदानातल्या लोकांच्या कानांवर ती किंकाळी गेली. त्यानंतर तो तीन वेळा खाली पडला. त्याच्या साथीदाराने हार मानण्याची खूण म्हणून रिंगणात टॉवेल फेकला, पण तेथे ती रीत मान्य नव्हती. पंच आर्थर डोनोव्हन यांनी टॉवेल उचलून बाजूला भिरकावला आणि लगेच स्वतःच सामना थांबवला. सामना सुरू होऊन फक्त दोन मिनिटे आणि चार सेकंद झाली होती.

मुलांनो, येथे जरा थांबा. पाठीवरचा तो ठोसा नियमाला धरून होता का? श्मेलिंगने नंतर तक्रार केली की तो नियमबाह्य होता. त्याच्या मणक्याचे हाड मोडले होते आणि त्याला अनेक दिवस रुग्णालयात राहावे लागले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे होते की श्मेलिंग स्वतः वळला म्हणून ठोसा तेथे बसला. मला हे दुसरे म्हणणे पटते, कारण लुईने पाठ पाहून नेम धरला नव्हता. पण ज्याचे हाड मोडले त्याला या युक्तिवादाचा काय उपयोग? खेळ आणि हिंसा यांच्यामधली रेघ किती बारीक असते, ते या एका ठोशात दिसते. ती रेघ त्या रात्री राहिली ती दोघांमुळे. पंचांनी वेळेवर हात आडवा घातला, आणि पंचांची खूण होताच लुईचा हात थांबला. दोन वर्षांचा राग मनात होता, सत्तर हजार लोक ओरडत होते, तरी तो थांबला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत नाझींनी ज्यू लोकांची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली. त्या रात्री श्मेलिंगने एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना बर्लिनमध्ये आपल्या खोलीत लपवून वाचवले. त्याने याविषयी वाच्यता केली नाही. पन्नास वर्षांनी, १९८९ मध्ये, त्या मुलांपैकी एकानेच ही हकिकत जगाला सांगितली. ज्याच्यावर केळीची साले फेकली होती, तो माणूस असा होता.

लुईच्या हातून सगळे निर्दोषच झाले असे नाही. मे १९४१ मध्ये बडी बेअरशी झालेल्या सामन्यात सहाव्या फेरीच्या शेवटी त्याचा एक ठोसा घंटेनंतर बसला, असे बेअरच्या बाजूचे म्हणणे होते. त्यांनी पुढची फेरी सुरू होऊ दिली नाही, आणि पंचांनी बेअरलाच बाद केले. यावर बराच वाद झाला. जानेवारी १९४२ मध्ये दोघे पुन्हा लढले. त्याआधी महिनाभरच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली होती. लुई पहिल्याच फेरीत जिंकला आणि मिळालेले बक्षीस त्याने नौसैनिकांच्या कुटुंबांसाठी देऊन टाकले. मार्चमधल्या सामन्याची कमाई त्याने भूदलाच्या मदतनिधीला दिली. त्याच काळात तो साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळे बसवत असतील तर आपण त्यांच्यासमोर खेळणार नाही, असे त्याने वरिष्ठांना सांगितले.

५ डिसेंबर १९४७ रोजी जर्सी जो वॉलकॉटने लुईला दोनदा खाली पाडले. सामना संपला तेव्हा आपण हरलो असे लुईला वाटले आणि निकालाआधीच तो रिंगणातून बाहेर पडू लागला. त्याला थांबवावे लागले. परीक्षकांच्या मतांनी निकाल त्याच्याच बाजूने लागला, तेव्हा लुईने वॉलकॉटची माफी मागितली. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याची माफी मागावी, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? पुढच्या वर्षी त्याने वॉलकॉटला पुन्हा संधी दिली आणि अकराव्या फेरीत त्याला स्पष्टपणे हरवले.

१९४९ मध्ये लुई निवृत्त झाला. ११ वर्षे ८ महिने तो जगज्जेता होता आणि या काळात त्याने २५ वेळा आपले विजेतेपद राखले. जड वजनाच्या गटात हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही.

पण सरकारी कराची थकबाकी वाढत वाढत पाच लाख डॉलरच्या वर गेली होती. सैन्याला दान केलेल्या रकमेवरही त्याच्याकडून कर मागितला गेला! पैशासाठी तो पुन्हा रिंगणात उतरला. ऑक्टोबर १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. मार्सियानो लहानपणापासून लुईला मानत असे. जिंकल्यावर तो रडला. पुढे लुईने पैशासाठी खोट्या, दिखाऊ कुस्त्याही खेळल्या. १९७० मध्ये त्याला मानसिक आजारासाठी रुग्णालयात ठेवावे लागले. त्या आजाराची कारणे अनेक असतील. पण डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे मेंदूला कायमची इजा करतात, हे आज डॉक्टरांना चांगले माहीत आहे. नियम पाळून मारलेला ठोसाही ठोसाच असतो, आणि या खेळात कित्येक खेळाडूंचे प्राणही गेले आहेत.

१९५४ मध्ये श्मेलिंग अमेरिकेत आला, तेव्हा तो मुद्दाम शिकागोला जाऊन लुईला भेटला. त्या भेटीतून दोघांची मैत्री जुळली. श्मेलिंग आता जर्मनीत यशस्वी व्यापारी झाला होता, तर लुई कर्जात बुडाला होता. श्मेलिंगने त्याला वेळोवेळी पैशाची मदत केली.

शेवटची काही वर्षे लुई लास व्हेगासच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करत होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो चाकांच्या खुर्चीत असे. ११ एप्रिल १९८१ रोजी तो त्या खुर्चीत बसूनच एक मोठा सामना पाहायला गेला. लोकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. राष्ट्राध्यक्षांच्या खास परवानगीने वीर सैनिकांच्या आर्लिंग्टन येथील दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. अंत्यविधीच्या खर्चातही श्मेलिंगचा वाटा होता. श्मेलिंग त्यानंतर आणखी २३ वर्षे जगला आणि २००५ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, जर्मनीत वारला.