लोकाश्रय आणि खुली विद्या : जगदीशचंद्र बोस

मेंदूत उमटणारे सूक्ष्म विद्युत्‌तरंग टिपून ते संगणकास पोचविणारे ‘ओपनबीसीआय’ नावाचे यंत्र न्यूयॉर्कमधील काही मंडळींनी २०१३ च्या अखेरीस लोकवर्गणीच्या बळावर पुढे आणले, आणि त्याचे आराखडे सर्वांस खुले ठेवले. ही रीत पुष्कळांस अगदी नवी वाटते. आम्हांस मात्र ती वाचून आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र आठवते.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरची मुले इंग्रजी शाळेत जात. परंतु त्यांनी मुलास प्रथम बंगाली शाळेत घातले. तेथे एका बाजूस पट्टेवाल्याचा मुलगा, तर दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टींनी बालजगदीशाच्या मनात सृष्टीविषयी कुतूहल रुजले. सभोवार गुजराती बोलली जात असता मराठीतून शिकणाऱ्या पलसाण्याच्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगत आहो.

केंब्रिजचे शिक्षण आटोपून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे शिकविले, पण वेतनास हात लावला नाही. अखेर सरकारने मागील बाकीसह पूर्ण वेतन दिले. प्रयोगशाळा म्हणावी अशी जागाही नव्हती. उपकरणे त्यांनी एका निरक्षर पत्रेकारागिरास हाताशी धरून घडविली. अशाच उपकरणांच्या योगे १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या नगरभवनात भिंतीपलीकडे विद्युत्‌लहरी धाडून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. लाजाळूचे पान मिटते तेव्हा तिच्या देहात विजेचा स्पंद धावतो, हे त्यांनी नाजूक यंत्रांनी मोजून दाखविले. १९०१ साली लंडनमध्ये त्यांस कडवा विरोध झाला. रजा संपत आलेली, जवळ पैसा नाही. अशा वेळी मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य यांजकडून साहाय्य मिळविले. ते मिळाले नसते तर हे संशोधन कदाचित तेथेच थांबले असते.

त्याच सुमारास एका धनाढ्य उत्पादकाने एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, करारनामा पुढे केला. जगदीशचंद्रांनी तो नाकारला. भगिनी निवेदिता व सारा बुल यांच्या आग्रहावरून एक अमेरिकन एकस्व १९०४ मध्ये त्यांच्या नावे झाले खरे, परंतु ते त्यांनी कधी चालविले नाही. काहींस हा अव्यवहारीपणा वाटतो. आमच्या मते, ज्याने स्वतः उसन्या जागेत व मित्रांच्या मदतीने काम केले, त्याला विद्येभोवती कुंपण घालणे पटणारच नव्हते.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी कलकत्त्यास बोस संस्था उघडली. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी तीत घातली. लोकांनीही देणग्या दिल्या, त्यांत मुंबईकरही होते. येथील शोधांवर एकस्व घ्यावयाचे नाही, असे धोरण आरंभीच ठरले. त्यांचे सारेच निष्कर्ष मान्य झाले असे नाही. वनस्पतींस मज्जातंतू असतात हे त्यांचे मत शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. वनस्पतींतील विद्युत्‌संदेश मात्र आज अभ्यासाचा मान्य विषय आहे.

मेंदूचे विद्युत्‌लेखन त्यांनी केले नाही. माणसाच्या मेंदूचे असे लेखन १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी प्रथम केले. हे तरंग कवटीवर पोचेपर्यंत व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतके क्षीण होतात. म्हणूनच आजची खुली यंत्रे मनातील विचार वाचीत नाहीत. डोळे मिटल्यावर वाढणारी लय, पापणीची उघडझाप यांसारख्या खुणा ती टिपतात, व त्यांवरून संगणकास साध्या आज्ञा देता येतात. एवढे कामही पूर्वी महागड्या यंत्रांवाचून होत नसे.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे देहावसान झाले. त्यांची उपकरणे बोस संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत.