भूमितीचा तेरावा सिद्धांत

थोर पुरुष जन्मतःच बुद्धिमान असतात, असा आम्हां विद्यार्थ्यांचा समज असतो. महात्मा गांधींचे बालपण पाहिले म्हणजे तो फोल ठरतो.

ते १८६९ साली पोरबंदरास जन्मले व राजकोटच्या हायस्कुलात शिकले. विवाहामुळे बुडालेले वर्ष भरून काढावे, म्हणून शिक्षकांनी मोहनदासास वरच्या इयत्तेत चढविले. तेथे भूमिती हा नवा विषय, आणि तोही इंग्रजीतून! शिक्षक उत्तम शिकवीत, पण त्याला काहीच उमजेना. पुन्हा खाली जावे, असे मनात येई. परंतु आपली शिफारस करणाऱ्या गुरूंना कमीपणा येईल, म्हणून तो नेटाने टिकून राहिला. युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापाशी पोहोचताच एकाएकी उजेड पडला. येथे घोकंपट्टी नको, विचार हवा, हे कळताच भूमिती सोपी झाली.

संस्कृतात मात्र सारे पाठच करावयाचे. कंटाळून तो एके दिवशी फारसीच्या वर्गात जाऊन बसला. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांना वाईट वाटले. त्यांनी त्याला ममतेने बोलावून अडचण विचारली. मोहनदास ओशाळला आणि परतला. तेव्हा शिकलेले थोडे संस्कृत पुढे गीतेच्या अभ्यासात कामी आले. त्यांचा गीतेचा गुजराती अनुवाद १९३० साली प्रसिद्ध झाला.

लंडनला लॅटिनमध्ये ते एकदा नापास झाले, पण पुन्हा बसून १८९० साली उत्तीर्ण झाले.

आमच्यापैकी कोणी आज निराशेने पुस्तक मिटले असेल, तर त्याने ते पुन्हा उघडावे. त्याचा तेरावा सिद्धांत कदाचित पुढच्याच पानावर असेल.