ज्युदोचे जनक जिगोरो कानो : दुबळ्या मुलाने उघडलेला आखाडा

जपानमधील शाळांत दिवसाचे तास संपले, मुलांनी आपापल्या वर्गाची झाडलोट केली, तरी अनेकांचा दिवस संपत नाही. कुणी मैदानाकडे वळते, कुणी संगीताच्या खोलीकडे. काही जण जाड पांढरा अंगरखा आणि कमरपट्टा घेऊन चटया अंथरलेल्या दालनात शिरतात. तेथे ज्युदोचा सराव चालतो. काही शाळांत बांबूच्या तलवारींचा 'केंडो' आणि धनुर्विद्या यांचीही अशीच मंडळे असतात. शाळा सुटल्यानंतरच्या या उपक्रमाला जपानी लोक 'बुकात्सु' म्हणतात. ज्युदोच्या मंडळात नव्याने नाव घातलेल्या मुलाला आधी शिकवले जाते ते दुसऱ्याला पाडायला नव्हे, तर स्वतःला इजा होऊ न देता पडायला. ही शिस्त ज्यांनी घालून दिली, त्या जिगोरो कानो यांना मात्र शाळकरी वयात शिकवायला कोणीच तयार नव्हते.

कानो यांचा जन्म १८६० चा, कोबेजवळच्या मिकागे या गावातला. घराणे साके हे मद्य गाळणाऱ्यांचे, सधन. आई लहानपणीच वारली आणि वडिलांनी मुलाला टोकियोला आणले. नव्या राजवटीत इंग्रजी जाणणाऱ्यांना भवितव्य आहे, हे ओळखून त्यांनी त्याला परदेशी शिक्षक असलेल्या निवासी शाळेत घातले. अभ्यासात तो सर्वांच्या पुढे होता. पण चणीने लहान आणि अंगाने किरकोळ. मोठी मुले त्याला यथेच्छ बडवीत. दुबळ्यालाही बलवानावर मात करता येते अशी 'जुजुत्सू' नावाची विद्या आहे, हे त्याच्या कानावर आले होते. घरी येणाऱ्या एका माजी सैनिकाला त्याने ती शिकवण्याची गळ घातली. त्या गृहस्थांनी एकदोन डाव दाखवले, पण शिकवण्याचे नाव काढले नाही. वडिलांनाही हा कालबाह्य उद्योग वाटत होता.

त्यात त्यांचा दोष नव्हता. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर सामुराईंचे अधिकार गेले आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली. बंदुका आणि आगगाडीच्या त्या काळात जुन्या युद्धविद्यांना कोणी विचारीना. जुजुत्सूचे अनेक गुरू सांधे बसवण्याचा व्यवसाय करून पोट भरीत होते. कानो यांनी नेमका हाच धागा पकडला. १८७७ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात दाखल झाले आणि हाडवैद्यांकडे चौकशी करीत फिरू लागले. अशाच एका वैद्याने त्यांना हाचिनोसुके फुकुदा यांच्याकडे पाठवले. वय वर्षे सतरा. गुरू अखेर मिळाला.

आखाडा लहान होता आणि शिष्य मोजकेच. एखादा डाव कसा करायचा, हे कानो विचारीत; उत्तरादाखल गुरू त्यांना पुन्हा पुन्हा आपटीत. अंगभर मलम फासून हा विद्यार्थी विद्यापीठात जाई. आखाड्यातील एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना काही केल्या हार जात नव्हता. कानो यांनी सुमो पहिलवानांचे डाव अभ्यासले, मग ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घेऊन फेकण्याचा डाव बसवला. तो सहाध्यायी आडवा झाला. विद्या गुरूकडून घ्यायचीच, पण बुद्धीने तपासूनही घ्यायची, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसतो. १८७९ मध्ये फुकुदा वारले, त्यानंतरचे गुरूही दोन वर्षांत गेले. मग कानो कितो परंपरेच्या त्सुनेतोशी इईकुबो यांच्याकडे गेले. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी ढळवला, तर फेकायला फारसे बळ लागत नाही, हे सूत्र त्यांना याच काळात गवसले.

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानो यांनी टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांची जागा घेऊन स्वतःचा आखाडा उघडला. त्याचे नाव 'कोदोकान'. पहिल्या वर्षी शिष्य होते अवघे नऊ. धडाधड पडणाऱ्या देहांनी मंदिराची जमीन हादरे आणि पुजारी हैराण होई, असे सांगतात. आपल्या विद्येला त्यांनी जुजुत्सूऐवजी 'ज्युदो' म्हटले. 'जुत्सु' म्हणजे कला, 'दो' म्हणजे मार्ग. बदल केवळ नावाचा नव्हता. जिवावर बेतणारे डाव त्यांनी मुक्त सरावातून काढून टाकले. पडण्याचे शास्त्र पहिल्या धड्यात आणले. गुप्त पोथ्यांची जागा व्याख्यानांनी आणि प्रश्नोत्तरांनी घेतली. प्रगती डोळ्यांना दिसावी म्हणून श्रेणी ठरवल्या. आज जगभर ओळखला जाणारा काळा पट्टा याच व्यवस्थेतून आला.

कानो यांना केवळ ज्युदोपटू म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्यांचा पेशा शिक्षकाचा होता. उमराव घराण्यांतील मुलांच्या गाकुशुइन या शाळेत त्यांनी शिकवले. पुढे १८९३ पासून, मधले खंड वगळता, १९२० पर्यंत ते टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. देशभरातील माध्यमिक शाळांचे शिक्षक तेथे घडत. १८९६ मध्ये त्यांनी तेथे विद्यार्थ्यांची क्रीडा मंडळे स्थापन केली. ज्युदो, तलवारबाजी आणि धनुर्विद्येबरोबर टेनिस, फुटबॉल, बेसबॉलही त्यांत होते. प्रत्येक विद्यार्थ्याने रोज काही वेळ शरीर झिजवावे, असा त्यांचा आग्रह होता. तेथून बाहेर पडलेले शिक्षक जेथे गेले, तेथे हा प्रघात घेऊन गेले. १९११ मध्ये ज्युदो आणि तलवारबाजीला माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात ऐच्छिक विषयाचे स्थान मिळाले. एकेकाळी हाडवैद्याच्या दारी शोधावी लागणारी विद्या आता शाळेच्या आवारात आली.

या विद्येचे दार त्यांनी इतरांसाठीही उघडले. १९२२ मध्ये ओकिनावाचे कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांना कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. १९२६ मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. भारतालाही तिची ओळख लवकर झाली. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये कोदोकानचे शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवण्यासाठी बोलावले होते.

आपल्या शिकवणीचे सार कानो यांनी दोन तत्त्वांत मांडले. शक्ती वाया न घालवता तिचा उत्तम उपयोग करणे, हे पहिले. स्वतःचे आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्रच साधणे, हे दुसरे. सरावात जोडीदार आपला देह विश्वासाने आपल्या हाती देतो. त्याला जपणे हा विद्येचाच भाग ठरतो. मात्र १९३० च्या दशकात जपानवर लष्करी विचारांची पकड घट्ट झाली आणि शाळांतील युद्धविद्याही त्याच दावणीला बांधल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य असलेले कानो तेव्हा १९४० चे ऑलिम्पिक टोकियोला व्हावे म्हणून जगभर फिरत होते. कैरोच्या बैठकीहून परतताना ४ मे १९३८ रोजी 'हिकावा मारू' या जहाजावर न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ७७ होते. दोन महिन्यांनी जपानने ते ऑलिम्पिक सोडून दिले. युद्धानंतर दोस्तांच्या प्रशासनाने शाळांतील युद्धविद्यांवर बंदी घातली. ज्युदो १९५० मध्ये शाळेत परतला आणि १९६४ मध्ये टोकियोतच ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला.

या परतीची दुसरी बाजू वेदनादायक आहे. १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाल्याचे उघडकीस आले. डोक्याला झालेली इजा हे त्यातील एक प्रमुख कारण होते आणि पुरते पडणेही न शिकलेली नवखी मुले त्यात मोठ्या संख्येने होती. २०१२ मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धविद्येचा विषय सक्तीचा झाला, तेव्हा पालकांनी याच कारणाने चिंता व्यक्त केली. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळकरी मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच रद्द केली. कोवळ्या वयात जिंकण्याचा अतिरेकी हव्यास कानो यांच्या शिकवणीशी विसंगत आहे, ही त्यामागची भूमिका होती.

मार खाणाऱ्या एका मुलाला गुरू मिळेना, म्हणून ही कथा सुरू झाली. आज तसेच एखादे किरकोळ अंगाचे मूल शाळा सुटल्यावर बिचकत ज्युदोच्या दालनात शिरते. ते संध्याकाळी धडधाकट आणि थोडे अधिक निर्भय होऊन घरी परतले, तरच कानो यांचे काम पुढे चालले आहे, असे म्हणता येईल.